पडू न दिलेला माणूस

चक्कर येऊन पडलेल्या माणसाला उचलून उभं करायची आपल्या लोकांना जी खोड आहे ना, ती पाहिली की माझं डोकं फिरतं. बस स्टॉपवर बघा, लग्नाच्या मांडवात बघा, रेशनच्या रांगेत बघा. माणूस कोसळला की चौघं धावतात, बगलेत हात घालतात आणि त्याला ताठ उभा करतात. ‘उठा, उठा, काही झालं नाही.’ तो उभा राहत नाही असं दिसलं की खुर्ची आणून त्यात बसवतात. मान लटकलेली, तोंड उघडं. मग कुणीतरी कांदा फोडतो, कुणी पायातली चप्पल काढून नाकाला लावतो, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतो. सगळे अगदी मनापासून मदत करत असतात. ज्या अर्थी शरीर आडवं झालंय, त्या अर्थी त्याला आडवंच व्हायचं असेल, हे एकाच्याही डोक्यात येत नाही.

मी हे शहाणपणा म्हणून सांगत नाही. मीही त्या चौघांतलाच. आणि मी ज्याला धरलं तो कुणी रस्त्यावरचा नव्हता, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

मी चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारे मोठे हायड्रॉलिक प्रेस असतात. त्यांचे पंप, पाइप, व्हॉल्व्ह सांभाळायचे हे माझं काम. वीस वर्षं झाली, मी कायम कामगार आहे. बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, त्याच कारखान्यात सहा वर्षं ठेकेदाराकडे होते. त्यांना मीच लावलं होतं. आम्ही मूळचे लातूरकडचे. आता चिखलीत एकाच इमारतीत राहतो. खाली एक वर्कशॉप, त्यावर मी, माझ्या वरच्या मजल्यावर बहीण आणि दाजी. वयानं ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण जावई म्हणून आमच्या घरात त्यांना अहो-जाहोच. ते मला बहिणीसारखंच दादा म्हणतात.

सहा वर्षांत दाजींचे ठेकेदार तीनदा बदलले, मशीन एकच राहिलं. दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक, मग नवा गेट पास, मग पुन्हा तेच मशीन. माझ्या अंगावर कायमवाल्यांचा निळा शर्ट, त्यांच्या अंगावर ठेकेदारीतला राखाडी. एकाच प्रेसवर दोघं वाकलेलो असलो तरी कॅन्टीनची रांग वेगळी. ‘कायम’ हा शब्द आमच्याकडे जेवताना निघायचा, पाणी भरताना निघायचा. कायम झालं की हे करू, कायम झालं की ते करू. बहिणीनं तर मूल होऊ देणंही त्याच्यावर टाकलं होतं. मला ते आवडायचं नाही, पण मी कायम असल्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

त्या वर्षी पहिल्यांदा आशा दिसली. प्रेसमध्ये हात असताना वरचा ठोकळा खाली येऊच नये म्हणून दाजींनी एक साधी युक्ती सुचवली होती. पुढच्या जाळीला एक स्विच लावायचा, जाळी पूर्ण मिटली नाही तर मशीन ट्रिप होणार, म्हणजे आपोआप बंद पडणार. मी ती बसवून दिली आणि ती चालली. सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला पाहुण्यांच्या हस्ते दाजींना सर्टिफिकेट मिळणार होतं. सुपरवायझरनं स्पष्ट सांगितलं होतं, “हे हातात पडलं की कायमच्या यादीत नाव नक्की समजा.” बहिणीनं त्यांचा राखाडी शर्ट आदल्या दिवशी दोनदा इस्त्री केला.

समारोप म्हणजे काय, तर पहिली शिफ्ट तीनला सुटल्यावर कुणालाही घरी न सोडता पार्किंगच्या काँक्रीटवर उभं करायचं. मार्चचं ऊन. मांडव फक्त पाहुण्यांपुरता. निळे शर्ट शेडच्या भिंतीला सावलीत, आणि राखाडी शर्ट पुढं, उन्हात, ओळी करून, कारण फोटोत पुढं भरलेलं दिसलं पाहिजे. पायात लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा. पाहुणे यायला पाऊण तास उशीर. तोवर माइकवरून सारखं, “ओळ मोडू नका, हलू नका, फोटोग्राफर वर चढलाय.” माणसांच्या सुरक्षेचा कार्यक्रम हा! आज आठवलं तरी हातातलं फेकून मारावंसं वाटतं.

मी सावली सोडून दाजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांचं नाव घेतील तेव्हा जवळ असावं, एवढंच मनात होतं. पाहुणे आले, भाषण झालं, हात पुढे करून सगळ्यांनी शपथ घेतली, बक्षिसं सुरू झाली. तेवढ्यात दाजी जांभया द्यायला लागले. एकामागून एक.

“दाजी, बक्षीस घ्यायचंय, झोपता काय?” मी चेष्टा केली.

ते हसले नाहीत. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, आणि एवढ्या उन्हात कपाळावरचा घाम हात लावला तर गार. “दादा, गरगरायलंय,” ते म्हणाले. “जरा बसू का खाली?”

त्यांनी मला विचारलं होतं. हे मी विसरत नाही. खाली बसू का, असं त्या माणसानं मला विचारलं होतं.

“दोनच नावं राहिलीत,” मी म्हणालो. “धीर धरा.”

त्यांचे गुडघे गेले तसा मी कमरेला विळखा घातला. दुसऱ्या बाजूला चाकणच्याच जुन्या गावातला एक म्हातारा ऑपरेटर होता. त्यानं दंड पकडला. “आरं धर, धर त्याला, न्हाई तर पडंल त्यो!” आम्ही दोघांनी त्यांना असं घट्ट आवळलं की पुढच्या ओळीला काही कळलंही नाही. लांबून बघणाऱ्याला ते उभेच दिसत होते. मी कानाशी सारखं पुटपुटत होतो, दाजी, दाजी, पाय लावा, आता घेतील नाव. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, डोळे वर गेले. तरी मी सोडलं नाही. शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर, पाहुण्यांसमोर, आमचा जावई जमिनीवर? मला ते सहनच झालं नसतं.

मग त्यांचं अंग ताठ झालं आणि हातपाय झटके द्यायला लागले. पँट ओली झाली. आता मात्र सगळ्यांनी पाहिलं. सेफ्टीचे साहेब धावत आले आणि ओरडले, “अरे, फिट आली, फिट! कांदा आणा कॅन्टीनमधून!” खुर्ची आली, आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं आणि पुन्हा धरून ठेवलं. कांदा आला. कुणाचा तरी बूट आला. शेवटी कुणाला तरी सुचलं आणि त्यांना उचलून दवाखान्याच्या खोलीत नेऊन कॉटवर निजवलं. निजवल्यावर मिनिटभरात त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, “माझं नाव घेतलं का?”

त्यांचं नाव गाळून पुढचं घेतलं होतं.

कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी सेफ्टीच्या साहेबांना विचारलं, साहेबांनी झटके आले म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी कागदावर मिरगी लिहिलं. पाच मिनिटांचं काम. मशीनवर चालणार नाही, शिक्का मारला, दाजींचा गेट पास गेटवर जमा. तिकडे यादी लागली, दाजींच्या जागी दुसरा कायम झाला. आणि मी? मी घरी छाती फुगवून सांगत होतो की मी होतो म्हणून बरं, नाही तर काँक्रीटवर डोकं आपटून खोक पडली असती. बहीण म्हणाली, “दादा, तू होतास म्हणून वाचले ते.” तिनं मला वाढलं आणि मी जेवलो.

त्यानंतरचे चार महिने मला सांगायलाही नकोसे वाटतात. मिरगीच्या गोळ्यांनी दाजी दिवसभर गुंगीत असायचे. हातातला चहाचा कप तसाच गार व्हायचा. दुचाकी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, एकट्यानं नळावर जायचं नाही. ज्या माणसानं प्रेसला ट्रिप लावायची युक्ती काढली, तो खिडकीत बसून रस्त्यावरचे टेम्पो मोजत होता. बहीण खालच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायला लागली. मिरगी हा शब्द आमच्याआधी लातूरला पोचला होता. दाजींच्या बहिणीला बघायला येणारी माणसं आलीच नाहीत. ‘तुमच्याकडं तसलं काही आहे म्हणे,’ एवढाच निरोप.

युनियनमधल्या एकानं संत तुकाराम नगरमधल्या एका बाई डॉक्टरांचं नाव सुचवलं. हृदयाच्या डॉक्टर. मिरगीला हृदयाचा डॉक्टर कशाला, असं मला वाटलं, पण गेलो. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळे कागद वाचले, दाजींना तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “खाली पडल्यावर किती वेळानं झटके आले?”

“ते पडलेच नाहीत,” मी म्हणालो. “मी पडू दिलं नाही.”

“म्हणजे?”

“उभं धरून ठेवलं होतं आम्ही. दोघांनी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “किती वेळ?”

मी आकडा सांगू शकलो नाही. दोन नावं पुकारून बक्षिसं देऊन होईपर्यंत, असं म्हणालो. बाईंनी पेन उचलून ते लिहून घेतलं. मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाजींना एका टेबलावर निजवून छातीला आणि मांड्यांना पट्टे बांधले. छातीवर तारा, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा. मग ते टेबलच हळूहळू उभं केलं. दाजी उभे, पण पाय हलवायचे नाहीत. मी कोपऱ्यात. पडद्यावर आकडे. सुरुवातीला ठोके वाढले, बाई म्हणाल्या, हे बरोबर आहे. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी दाजींच्या जिभेखाली रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा एक फवारा मारला. थोड्या वेळानं दाजींनी जांभई दिली.

मला ती जांभई ओळखू आली. पुन्हा एक. ओठ पांढरे. पडद्यावरचा ब्लडप्रेशरचा आकडा घसरला आणि धावणारे ठोके एकदम मंद झाले. दाजींची मान कलली. बाईंनी लगेच टेबल आडवं केलं, पायाची बाजू थोडी वर. एवढंच. काही सेकंदांत गालांवर रंग आला, दाजींनी डोळे उघडले आणि विचारलं, “झालं का?” झटका नाही, काही नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दाजींसमोर रडायची मला लाज वाटत होती.

नंतर बाईंनी समजावून सांगितलं. मी पंपाचा माणूस, मी ते माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. माणूस उभा राहिला की रक्त वजनानं खाली, पायांत आणि पोटात उतरतं. पंपाकडे परत येणारं कमी झालं की पंप पुढे तरी काय ढकलणार? ह्याची सोय शरीरानं करून ठेवलीय. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी जागा असते. दाब जरा कमी झाला की ती मेंदूला कळवते, मेंदू हृदयाला पळवतो आणि खालच्या वाहिन्या आवळतो. चालताना पोटऱ्या आवळतात-सुटतात, त्यांनी रक्त वर चढतं, आणि आतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणजे प्रत्येक पावलाला पायातला पंप चालू. आम्हाला काय सांगितलं होतं? हलू नका, फोटोग्राफर वर चढलाय. वर ऊन. कातडी थंड ठेवायला तिथल्या वाहिन्या सैल सुटलेल्या, घामानं पाणी गेलेलं. हृदय रिकाम्यावर पळतंय. असं ताणलं की काही माणसांत सगळंच उलटं फिरतं. हृदय मंदावतं, वाहिन्या ढिल्या पडतात, मेंदूला रक्त मिळत नाही, शुद्ध जाते.

“आणि मग शरीर शेवटचा उपाय करतं,” बाई म्हणाल्या. “ते पडतं. डोकं हृदयाच्या पातळीला आलं की रक्त आपोआप पोचतं. पडणं हाच त्यावरचा उपचार आहे. तुम्ही तो होऊ दिला नाही. मेंदू तसाच उपाशी राहिला की झटके येतात. ही मिरगी नव्हे. फार वेळ धरलं असतं तर ह्यापेक्षा वाईट झालं असतं.”

आमच्या शॉपमध्ये ट्रिप बायपास करणं, म्हणजे ती चुकवून मशीन चालू ठेवणं, हा गुन्हा आहे. उत्पादन अडलं की सुपरवायझरच कानात सांगतो, जरा तार जोडून टाक, आणि पकडलं तर मेमो तार जोडणाऱ्याला. मी तशा तारा जोडल्यात, खोटं कशाला बोलू. पण मशीनच्या ट्रिपसाठी सर्टिफिकेट वाटणाऱ्या कार्यक्रमात, ज्यानं ती ट्रिप काढली त्याच माणसाची अंगातली ट्रिप मी माझ्या दोन हातांनी बायपास केली. का, तर नाव पुकारतील. का, तर लोक बघतील. ह्याचा राग मी कुणावर काढू? मी कंपनीवर काढतो, त्या फोटोग्राफरवर काढतो, कांद्यावर काढतो. सगळ्यांवर काढून झाला तरी उरतोच.

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “तुम्ही चांगल्यासाठीच केलं, दादा.” ते खरंच तसं समजत होते. मला वाटलं, ह्यांनी मला एक थोबाडीत द्यावी. पण बायकोच्या थोरल्या भावाला कोण मारतं?

बाईंचं पत्र घेऊन मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. मिरगी नाही, गोळ्या बंद, माणूस कामाला योग्य, मात्र उन्हात एका जागी उभं करू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी दोनदा वाचलं. “तुम्ही धरून ठेवलं होतं, असं दिसतंय. ते लेखी द्या ना. म्हणजे आम्हाला वर दाखवता येईल.” मी तिथंच बसून लिहिलं. काही लपवलं नाही. दाजींनी बसू का विचारलं होतं, तेही लिहिलं. उन्हात दीड तास उभं केलं होतं, तेही लिहिलं.

त्यातलं उन्हाचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. अहवालात कारण म्हणून एकच ओळ आली: नातेवाइकाने अयोग्य रीतीने धरून ठेवल्याने त्रास वाढला. संपलं. कंपनी मोकळी, डॉक्टर मोकळे, माइकवरचा माणूस मोकळा. माझं खरं बोलणं त्यांच्या पथ्यावर पडलं. महिनाभरात भिंतींवर पोस्टर लागलं, बेशुद्ध व्यक्तीला उभे करू नये. त्या पोस्टरसमोरून जाताना मी तिकडे बघत नाही. लिहिलेलं खोटं नाही, म्हणून तर जास्त संताप होतो.

दाजींना परत घेतलं. चौथा ठेकेदार, नवा गेट पास, पहिल्या दिवसापासून सुरुवात. मागची सहा वर्षं धरायची नाहीत. पुन्हा यादी कधी निघेल, कुणी सांगत नाही. त्यांच्याकडून सही घेतली की मी पूर्ण शिफ्ट उभं राहून काम करण्यास समर्थ आहे. त्यांनी केली. आणि नातेवाईक एका शॉपमध्ये नकोत म्हणून माझी बदली पलीकडच्या प्लांटला, रस्त्याच्या त्या बाजूला.

बाईंचं पत्र मिळालं त्या दिवसापासून बहीण माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. भांडली नाही, रडली नाही. डब्यात भाजी पाठवायची, पण वर ये म्हणायची नाही. दाजी कामावर रुजू व्हायच्या आदल्या सकाळी ती जिना उतरून माझ्या दारात आली. हातात वाळलेले कपडे होते.

“दादा,” ती म्हणाली, “आता परत त्यांना तसं झालं तर पडू दे.”

“हो.”

“कोण बघतंय ते बघू नकोस. डोकं फुटलं तर टाके घालू. पण पडू दे त्यांना.”

मी पुन्हा हो म्हणालो. ती कपडे घेऊन वर गेली. मी आता त्यांच्या शेजारी नसणार, माझा प्लांट वेगळा झालाय, हे तिला सांगायचं माझं धाडस झालं नाही.